अनुक्रमांक एक

बाईंचं बोट यादीवरून खाली गेलं, दुसऱ्या पानापर्यंत रेंगाळलं आणि परत येऊन पहिल्याच ओळीवर थांबलं. "इथूनच सुरुवात करू या की," त्या म्हणाल्या. "पहिले दहा. उगाच निवडानिवड कशाला?" कंपनीकडून पाहणीला आलेल्या या बाई गणिताच्या शिक्षिकेसारख्या दिसत होत्या. आवाज मऊ, पेन्सिल टोकदार. टेबलाच्या डोक्याशी बसलेल्या संचालक मॅडम "अवश्य, अवश्य" म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, कारण यादी त्याची होती. उद्योग खात्याच्या सहाव्या मजल्यावर त्याला सगळे यादीवालेच म्हणत. नाव माहीत असलेले दोघेतिघे होते, तेही विसरत चालले होते. तो "हो" म्हणाला. पहिल्या ओळीत त्याच्या थोरल्या भावाचं नाव होतं. वय एकोणतीस, शिक्षण दहावी, कामास तयार: होय, उपलब्धता: तात्काळ. पुढे फोन नंबर. भावाला जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्याला काहीच वाटलं नाही. काहीच वाटलं नाही हे मात्र वाटलं, आणि तो खोलीतल्या वस्तू पाहू लागला, जसा माणूस दवाखान्यात आपला नंबर येईपर्यंत भिंतीवरचे तक्ते वाचतो. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं निळी होती. भिंतीवरच्या नकाशात त्याचा तालुका फिकट पिवळ्या रंगात होता. पिवळा म्हणजे उद्योग नसलेला, हिरवा म्हणजे असलेला. गेल्या नऊ वर्षांत शेजारचे दोन तालुके हिरवे झाले आणि हा आपला पिवळाच राहिला, न पुसलेल्या ताटासारखा. कंपनी पंख्यांच्या मोटारी बनवणारी होती. तिला सहाशे माणसं हवी होती, वीस किलोमीटरच्या आतली, पस्तिशीच्या खालची, तांब्याची बारीक तार न कंटाळता गुंडाळणारी. दोन तालुके शर्यतीत उरले होते. दुसऱ्या तालुक्याच्या यादीतल्या पहिल्या दहांना बाईंनी आदल्या दिवशी फोन केले होते आणि नऊ जण "तयार आहोत" म्हणाले होते. दहावा आंघोळीला गेला होता. हे मॅडमनीच सांगितलं, हसत. पण हसताना त्यांचा हात टेबलाखाली रुमाल पिळत होता, हे त्याला बाजूने दिसत होतं. ठरलं असं की जेवण उरकून तीन वाजता याच खोलीत बसायचं, फोन टेबलावर ठेवायचा, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि एकेकाला विचारायचं. जो "हो" म्हणेल त्याच्यापुढे बाई खूण करतील आणि खात्री करणारा म्हणून यादीवाले सही करतील.

यादी कशी झाली होती हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी तो नोकरीत नवा, सत्तावीस वर्षांचा, आणि आपल्याच तालुक्याचा म्हणून त्याला पाठवलं होतं. शाळेच्या आवारात एक टेबल, दोन खुर्च्या, कापडी फलक: कामेच्छुकांची नोंदणी. सकाळपासून दोनशे माणसं आवाराच्या कडेला सावलीत उभी होती आणि एकही पुढे येत नव्हता. त्या भागातली ही जुनीच खोड. दुकान उघडलं तरी पहिलं गिऱ्हाईक कुणी व्हायचं नाही, सभेत पहिल्या रांगेत कुणी बसायचं नाही, पंगतीतसुद्धा पहिला घास दुसऱ्याने घ्यावा. पहिला पुढे गेला की त्याच्यामागे झुंबड उडणार, पण पहिला व्हायला सगळ्यांच्या जिवावर येतं. फसलंच तर पहिल्याचं हसं होतं, बाकीचे फक्त मागे गेलेले असतात. साडेअकरा वाजले तरी त्याचा कागद कोरा. तो खाली मान घालून पेन साफ करत होता, कानशिलं तापली होती, आणि गर्दीतून दादा आला. सायकल दुरुस्त करता करता उठून आलेला, हाताला काळं ग्रीस. "लिही रे माझं," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि वाकून हळूच, "रडवेला दिसतोयस. सरळ बस." त्याने लिहिलं. अनुक्रमांक एक. दादाचा अंगठा कागदाच्या कोपऱ्याला लागला आणि तिथे काळा डाग पडला. संध्याकाळपर्यंत सहाशे बारा नावं झाली. मुख्य कार्यालयात त्याची पाठ थोपटली गेली. सहाशे बारा म्हणजे विक्रम होता.

ज्याच्यासाठी ही नोंदणी झाली तो कारखाना आला नाही. पुठ्ठ्याचे खोके करणारा होता तो. त्याआधीच तालुक्याच्या गावाबाहेरच्या माळावर औद्योगिक क्षेत्राचे रस्ते होऊन बसले होते. सरळ, काटकोनात छेदणारे, दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब, एक पाण्याची टाकी, फाटकावर चौकीदाराची खोली. घर एकही नाही, शेड एकही नाही, नुसते रस्ते. शेळ्या त्यावर दुपारी बसत, कारण डांबर थंडीत उबदार असतं. दादा त्याच रस्त्यांवर ट्रक चालवायला शिकला. ओळखीच्या एकाचा रिकामा ट्रक घेऊन तो त्या चौकांतून फेऱ्या मारी आणि कुणीही नसलेल्या वळणावर मुद्दाम हात दाखवी. मग औषधाच्या बाटल्यांची कंपनी येणार होती, तीही आली नाही. मग खुर्च्यांची. दरवेळी खात्यातून प्रस्ताव जायचा आणि प्रस्तावाला मनुष्यबळाची यादी जोडायची असे. नवं शिबिर घ्यायला कुणाला वेळ नव्हता. टंकलेखक काका जुनी यादी काढत, वरची तारीख बदलत आणि छापत. पहिल्या वर्षी त्याने विचारलं होतं, "काका, वयं?" काकांनी चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे पाहिलं. "माणसं तीच, तालुका तोच. वयाला कशाला हात लावायचा? एकेक वर्ष चढवत गेलो तर चार वर्षांत निम्मे बाद होतील. मग बसा पुन्हा टेबल टाकून." हे कुणाला खोटं वाटलं नाही. त्यालाही वाटलं नाही. नऊ वर्षं ती सहाशे बारा माणसं एका दिवसानेही म्हातारी झाली नाहीत. त्यांना मुलं झाली, पाठी दुखू लागल्या, काही गाव सोडून गेली, काहींचे केस उडाले, आणि इथे सहाव्या मजल्यावरच्या कपाटात ती सगळी आपापल्या वयाला चिकटून तात्काळ उपलब्ध राहिली. दादा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. आता तो छत्तीसचा होता आणि दादा एकोणतीसचा. कधीकधी यादी चाळताना त्याला हा पोरगा कोण असं वाटे, आणि पोरग्याची थोडी कीव येई.

वाट पाहायला दादाला त्यानेच सांगितलं होतं. हे तो विसरला नव्हता, पण हे आठवून काही होतही नव्हतं. दुखऱ्या जागेवर बोट दाबावं आणि बोटालाच दाब कळावा, जागेला नाही, तसं. दादाला ट्रकवर काम मिळत होतं, लांबच्या खाणीवर, राहायची सोय होती. दादा फोन करून विचारायचा, "काय रे, तुझ्या कारखान्याचं?" आणि तो म्हणायचा, "थांब थोडं. फाईल वर गेलीये." पुढच्या वर्षी, "थांब, या वेळी नक्की." त्यानंतर नुसतंच "बघू." दादा गावात सगळ्यांना सांगे की धाकटा आत बसलाय, त्याला आतलं कळतं. त्याला आतलं काहीच कळत नव्हतं. आत फक्त टेबलं होती. सहा वर्षं दादा थांबला, सायकली दुरुस्त करत. मग एके दिवशी त्याने विचारायचं सोडलं, खाणीवर गेला, आणि विसाव्या दिवशी मातीचा ढिगारा ओतताना ट्रक मागच्या मागे कलंडला. फोन आला तेव्हा तो एका पत्राचा मसुदा करत होता, औद्योगिक क्षेत्रातल्या दिव्यांच्या देखभालीबद्दल. त्याने फोन ऐकला, ठेवला, आणि पत्राचं शेवटचं वाक्य पूर्ण केलं. ते वाक्य त्याला अजून पाठ होतं. मग रजेचा अर्ज भरला, चार दिवस, कारण: घरगुती. परत आल्यावर शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "काय, लग्नकार्य का?" आणि तो "हो, तसंच" म्हणाला. का म्हणाला कुणास ठाऊक. एकदा म्हटल्यावर मग बदलायचं कसं? पुढच्या महिन्यात काकांनी यादी काढली, तारीख बदलली आणि सवयीने विचारलं, "काही बदल?" पडद्यावर पहिली ओळ होती. एक बटण दाबलं की दुसरी ओळ वर आली असती, सगळा तालुका एकेका पायरीने वर सरकला असता. तो म्हणाला, "नाही." त्यानंतरच्या वर्षीही नाही म्हणाला, आणि यंदाही. त्याला कुणाला फसवायचं नव्हतं. सगळ्या जगात एकच कागद असा उरला होता ज्यावर दादा कामास तयार होता.

मॅडमना सांगून टाकावं असं त्याने ठरवलं. दीड वाजता तो त्यांच्या खोलीत गेला. त्या डबा उघडून बसल्या होत्या, चपला काढून, एक पाय खुर्चीवर घेऊन. त्यांना असं पहिल्यांदाच पाहून त्याला अवघडल्यासारखं झालं. "या, बसा," त्या म्हणाल्या. "तुमच्याच भागातला ना हा तालुका?"

"हो."

"तरीच इतकी वर्षं चिकाटीने यादी सांभाळलीत. मी वर स्पष्ट सांगून आलेय, या वेळी हा तालुका सुटला तर पुन्हा कुणी विचारणार नाही. ते रस्ते खोदून काढून टाका म्हणतायत. वाया गेलेली मालमत्ता." त्यांनी घास मोडला, पण तोंडात घातला नाही. "काल रात्री मला स्वप्न पडलं की पहिलाच माणूस नाही म्हणतोय. हसताय काय? खरंच. पहिला हो म्हणाला की बाकीचे म्हणतात हो, तुम्हीच सांगितलं होतंत ना मला?"

तो हसत नव्हता. त्याचा चेहरा तसा झाला असेल. त्याने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, चार शब्दांचं, व्याकरण शुद्ध. ते जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं, गोळी पाण्याशिवाय चिकटून बसते तसं. "फोनचा स्पीकर एकदा तपासून घेतो," तो म्हणाला. "घ्या, घ्या," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यावरच आहे सगळं."

जिन्याच्या चौथ्या आणि पाचव्या मजल्यामधल्या वळणावर एक मोडकी खुर्ची आणि अग्निशामक नळकांडं होतं. लिफ्ट असल्यामुळे तिथे कुणी फिरकत नसे. त्याने खिशातून फोन काढला. नंबर दादाचाच होता. वहिनी तो अजून चालू ठेवत होत्या, आणि त्याच्या फोनवर अजून दादाच लिहिलेलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो दादाला फोन लावी आणि वहिनींशी बोले. बोलणं ठरलेलं असे. पोरगी काय करते, छप्पर गळतं का, तब्येत बरी ना. वहिनी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जात, सकाळी तीन तास. कारखान्याचं नाव दादा गेल्यापासून त्यांनी एकदाही काढलं नव्हतं आणि त्यानेही काढलं नव्हतं. दोघंही त्या शब्दाला वळसा घालून जात. आज रविवार नव्हता. दुसऱ्या घंटेला वहिनींनी उचलला.

"हां भाऊजी, बोला. आज कसा काय फोन? सगळं ठीक ना?"

"ठीक. जेवलात?"

"आत्ताच. भांडी घासतेय. तुम्ही?"

"हो," तो म्हणाला. जेवला नव्हता. "वहिनी, तीन वाजता तुम्हाला एक फोन येईल. आमच्या ऑफिसातून. कारखान्याचा."

भांड्यांचा आवाज थांबला. "कुठला कारखाना?"

"पंख्याच्या मोटारींचा."

"बरं."

"दादाला विचारतील."

पलीकडे कोंबडी ओरडत होती. बराच वेळ ओरडली. त्याने खालच्या पायऱ्या मोजल्या, अकरा होत्या.

"काय विचारतील ह्यांना?"

"कामाला तयार आहे का म्हणून."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"नाही."

"तिथं कुणालाच नाही?"

"नाही."

"तीन वर्षं, भाऊजी?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पाणी किती भरलंय हे बघायला हंड्यात वाकून पाहावं तसा तो आवाज होता. "मग मी काय म्हणायचं?"

आणि त्याने ते सांगितलं. त्याचं त्यालाच ऐकू येत होतं. "तयार आहे म्हणा. घरात नाही, बाहेर गेलाय म्हणा. एवढंच. पहिल्या दहांत त्याचं नाव आहे, पहिलंच आहे, ते गेलं तर सगळी यादी खोटी ठरेल. तालुका जाईल, वहिनी. पुन्हा कुणी येणार नाही." तो चांगला बोलत होता. खात्याचं टिपण वाचावं तसं मुद्देसूद. "एकदाच बोलायचं आहे."

"माझं नाव घाला म्हटलं तर? तार गुंडाळायचं काम मला येईल की."

"नंतर घालू. आज तेवढं..."

"बरं," वहिनी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तुम्ही असाल का तिथं?"

"असेन. समोरच."

"मग मधे बोलू नका हं. तुमचा आवाज ह्यांच्यासारखा येतो फोनवर. मला जमायचं नाही."

फोन बंद झाल्यावर तो मोडक्या खुर्चीवर बसला आणि आपण काय केलं ते समजून घ्यायचा प्रयत्न केला. एका विधवेला तिचा नवरा जिवंत आहे असं बोलायला सांगितलं. वाक्य बरोबर होतं. त्याने ते दोनदा मनात म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. लाज वाटायला हवी होती. कोपराला झिणझिण्या आल्या होत्या, त्या त्याला कळल्या, आणि पोटात भूक होती, तीही कळली. एखाद्या अवयवाला भूल दिली की डॉक्टर विचारतात, इथं कळतंय का, इथं? तसं तो स्वतःला विचारत एकेक मजला वर चढला.

तीन वाजता खोलीत चौघं होती. बाई, मॅडम, तो आणि कोपऱ्यात टिपण घ्यायला टंकलेखक काका. फोन टेबलाच्या मधोमध ठेवला होता. त्याने नंबर वाचून दाखवला. पाठ होता, तरी कागदाकडे बघून वाचला. घंटा खोलीभर वाजली, चार वेळा. तेवढ्यात मॅडम तीनदा पाणी प्यायल्या.

"हॅलो," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी आपली ओळख सांगितली, कंपनीचं सांगितलं, यादीतलं नाव वाचलं. परक्या तोंडून दादाचं पूर्ण नाव ऐकून त्याने मान खाली घातली. "त्यांच्याशी बोलता येईल का?"

"हे घरात नाहीत. बाहेर गेलेत. मी त्यांची बायको."

"हरकत नाही. आमच्याकडे नोंद आहे की ते कामाला तयार आहेत. अजून आहेत का तयार?"

"आहेत," वहिनी म्हणाल्या. "तयार आहेत."

इथे थांबायचं होतं. एवढंच ठरलं होतं. बाईंनी पेन्सिल उचलली, पण त्या मुळातच चौकस होत्या. "बारीक काम आहे हं, ताई. हाताला सवय आहे का त्यांच्या?"

"हाताला?" वहिनी किंचित हसल्या. त्याने ते हसू तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. "अहो, सायकलच्या चाकाचे आरे हे डोळे मिटून बसवतात. गावातले बंद पडलेले रेडिओ सगळे आमच्याच घरी. माझ्या शिलाई मशीनचा एक दात तुटला होता, तर दुसऱ्या मशीनचा दात घासून घासून बसवला, चार दिवस लागले. घाई म्हणून नाही त्यांना. मीच चिडते, उरका आता म्हणते. तर म्हणतात, वस्तूला घाई केलेली कळते."

"वा!" बाई म्हणाल्या आणि हे लिहून घेतलं. "वेळेवर येतील ना? आमची पहिली पाळी सातला असते."

"पाचला उठतात. चहा स्वतः करतात. मग मला उठवतात, चहा गार होतोय म्हणून. मला म्हणजे चहा कराय‌ची सवयच राहिली नाही." खोलीत सगळे हसले. काकांनीही मान डोलावली. वहिनींना ते हसू ऐकू गेलं असावं, कारण त्यांचा आवाज मोकळा झाला. त्या सांगत सुटल्या. ह्यांना गोड आवडत नाही. पोरीचा अभ्यास घेताना स्वतःच चुकतात. दारू नाही, विडी नाही, उशी मात्र दोन लागतात. एकेक गोष्ट टेबलावर येत होती, ताजी, आजची, आणि तो समोर बसून ती पाहत होता. दोन उशांचं त्याला माहीत नव्हतं. लहानपणी तर दोघांत मिळून एक होती.

"किती वर्षं वाट पाहतायत कामाची?" बाईंनी विचारलं.

"नऊ."

मॅडमनी बाईंकडे पाहिलं. "मधे दुसरीकडे नाही गेले कुठे?" बाई म्हणाल्या.

टेबलावरच्या फोनचा हिरवा दिवा लुकलुकत होता. "एकदा गेले होते. खाणीवर. लांब होतं फार. वीस दिवसांत परत आणलं."

"चांगलं केलंत," बाई मनापासून म्हणाल्या. "अशी माणसं गावातच राहायला हवीत. मंगळवारी आम्ही तिकडे येतोय, ताई. पहिल्यांदा त्यांनाच भेटू. भेटतील ना?"

त्याला वाटलं, आता. आता त्या गप्प बसतील किंवा रडतील किंवा त्याचं नाव घेतील, आणि त्याला हे थांबवायचं होतं की व्हायला हवं होतं हे त्याचं त्याला समजेना.

"भेटतील की," वहिनी म्हणाल्या. "जाऊन जाऊन कुठे जाणार?"

बाईंनी पहिल्या ओळीपुढे ठळक खूण केली, कागद त्याच्याकडे फिरवला आणि तो रकाना दाखवला. त्याने सही केली. सही नेहमीसारखीच आली. दुसरा फोन लगेच उचलला गेला, माणूस शेतात होता, "हो साहेब, तयार" म्हणाला. तिसरा म्हणाला, चौथ्याच्या वतीने त्याचे वडील म्हणाले, पाचवा गाव सोडून गेला होता पण कारखाना आला तर परत येईन म्हणाला आणि बाईंना ते फार आवडलं. मॅडमनी रुमाल टेबलावर ठेवला. त्याच्या खिशातला फोन थरथरला तेव्हा तो माफ करा म्हणून बाहेर आला आणि व्हरांड्याच्या टोकाला, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी उभा राहिला.

"भाऊजी, बरोबर बोलले ना मी?"

"हो."

"जास्त बोलले का? तुम्ही एवढंच म्हणाला होतात."

"नाही. चांगलं झालं. खूण झाली."

"मंगळवारचं काय करायचं?"

"बघू," तो म्हणाला.

यंत्रातून कुणाचे तरी कागद एकामागून एक बाहेर पडत होते, सगळे सारखे. मग त्या म्हणाल्या, "ते गेल्यापासून सगळे मला विचारतात, कशी आहेस, पोरगी कशी आहे. ह्यांच्याबद्दल कुणी काही विचारतच नाही. माणसं नावसुद्धा टाळतात. आणि आज त्या बाईंनी एकेक विचारलं, उठतात कधी, हात कसा आहे. मला वाटलं, अजून विचारावं. म्हणून सांगत राहिले. खोटं बोलतेय असं वाटलंच नाही हो. फोन ठेवल्यावर वाटलं."

"ऐकलं मी," तो म्हणाला.

"तुम्ही कधी रडलात का, भाऊजी?"

त्याने खरं सांगितलं. "नाही."

"मला वाटलंच. म्हणून मीही तुमच्यासमोर नाही रडले इतकी वर्षं. रविवारी तुमचा फोन येऊन गेला की मग." त्यांनी श्वास घेतला. "आता ठेवा. मला रडायचंय."

त्याने फोन ठेवला. तिथेच थांबला, शिंक येणार असं वाटून माणूस तोंड वर करून थांबतो तसा, बराच वेळ. काही आलं नाही. झेरॉक्सचं यंत्र थांबलं. दाराशी मॅडम आल्या होत्या. त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी त्याचा दंड धरला, असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "सहा झाले. सहाच्या सहा. पहिल्या फोनने जिंकलं बघा आपण. बाई तर त्या माणसाला पर्यवेक्षक करायचं म्हणतायत. मंगळवारी त्याला गर्दीत शोधायला नको, तुम्ही स्वतः त्याच्या घरी जा आणि घेऊन या. आणाल ना?"

"आणतो, मॅडम," तो म्हणाला, आणि आत जाऊन सातव्याचा नंबर वाचून दाखवू लागला.